वाळूचे गणित मांडणारे राल्फ बॅगनॉल्ड

चारचाकी घेतली, त्यातही फोर-व्हील ड्राइव्ह घेतली, की थोड्याच दिवसांत टायर बदलण्याचे मनात येते. कंपनीचे टायर बारीक वाटू लागतात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो तो आकाराचा. सर्वांत मोठा कोणता बसेल? दुसरा प्रश्न नक्षीचा. सर्वांत खोल खाचांचा कोणता आहे? जितका मोठा आणि जितका दातेरी, तितकी गाडी कुठेही जाईल, असा आपला सरळ हिशेब असतो.

हा हिशेब पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. मोटारगाडीने वाळवंटात शिरण्याचे शास्त्र ज्यांनी बसवले, त्या राल्फ बॅगनॉल्ड यांच्याजवळ सुरुवातीला मोठे टायर नव्हते आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडीही नव्हती. होती ती फोर्डची साधी, हलकी, मागची दोन चाके फिरवणारी गाडी. तिच्या जोरावर त्यांनी अशी वाळू ओलांडली की जिथे उंटांचे काफिलेही माघारी फिरत. ते हे कसे करू शकले, हे समजून घेतले तर टायरच्या दुकानात विचारायचे प्रश्न बदलतात.

बॅगनॉल्ड यांचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील ब्रिटिश लष्कराच्या इंजिनीअर दलात अधिकारी होते. बालपणाची काही वर्षे जमैकात गेली. थोरली बहीण ईनिड पुढे प्रसिद्ध लेखिका झाली. घरात यंत्रे, अवजारे आणि दूरदेशीच्या गोष्टी यांची वाण नव्हती. काही मोडले तर स्वतः दुरुस्त करायचे, नसेल ती वस्तू स्वतः घडवायची, ही सवय त्यांना लहानपणीच लागली आणि ती जन्मभर टिकली.

१९१५ मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ते वडिलांच्याच इंजिनीअर दलात अधिकारी झाले. फ्रान्स आणि बेल्जियममधील खंदकांची आणि चिखलाची ती वर्षे त्यांनी जवळून पाहिली. तोफा, घोडे आणि गाड्या चिखलात कशा रुततात, याचा धडा त्या पिढीतल्या प्रत्येक लष्करी इंजिनीअरने तिथे घेतला होता. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुन्हा लष्करात रुजू झाले.

१९२६ मध्ये त्यांची नेमणूक कैरोला झाली. छावणीतले सुटीचे दिवस अधिकारी सहसा पोलो खेळण्यात किंवा क्लबात घालवत. बॅगनॉल्ड आणि त्यांचे काही मित्र मात्र फोर्डची मॉडेल टी गाडी घेऊन रस्ता सोडून निघत. पूर्वेला सिनाई ओलांडून पॅलेस्टाइनकडे आणि पश्चिमेला सिवाच्या मरुद्यानाकडे त्यांच्या सफरी होऊ लागल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या तुकड्या या भागात फिरल्या होत्या, त्यामुळे मोटार वाळवंटात अजिबात चालत नाही, असे कोणी म्हणत नव्हते. पण त्या गाड्या शक्यतो कठीण, खडीच्या जमिनीवरून जात. मऊ वाळू दिसली की वळसा घालायचा, हा नियम होता.

या नियमाची सर्वांत मोठी भिंत म्हणजे इजिप्त आणि लिबियाच्या सरहद्दीवर पसरलेला वाळूचा महासागर. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाळूच्या लांबच लांब रांगा, एकामागून एक, आणि काही ठिकाणी त्यांची उंची शंभर मीटरच्या आसपास. १८७४ मध्ये जर्मन संशोधक गेरहार्ड रोल्फ्स उंटांचा मोठा काफिला घेऊन या रांगा पश्चिमेकडे ओलांडायला निघाले होते. त्यांना ते जमले नाही. शेवटी दोन रांगांमधल्या पट्ट्यातून उत्तरेला सिवाकडे निघून जावे लागले. जिथे उंट हरला तिथे मोटार काय करणार, असाच सर्वांचा समज होता.

उंटाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. उंट वाळूत रुतत नाही, कारण त्याचे पाऊल रुंद आणि मऊ असते. वजन टेकले की ते पसरते. मोटारीचे चाक रुतते कारण त्या काळचे टायर अरुंद असत आणि त्यांत हवा गच्च भरलेली असे. म्हणजे शेकडो किलोचे वजन तळहाताएवढ्या जागेवर एकवटे. वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. ते फक्त एकमेकांवर टेकलेले असतात आणि घर्षणाने जागेवर राहतात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की कण बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते. खाली गेलेले चाक पुढच्या वाळूचा बांध ढकलत राहते. इंजिनाचा जोर वाढवला की चाक जागच्या जागी फिरते आणि स्वतःचाच खड्डा खणते.

यावर उपाय म्हणजे वजन पसरवणे. त्यासाठी बॅगनॉल्ड आणि त्यांच्या साथीदारांनी जे मार्ग धरले, त्यांतला सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. यातले गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचे आहे. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारणपणे त्याच्या आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. आजच्या एका गाडीचे उदाहरण घेऊ. सामानासकट वजन दोन हजार किलो, म्हणजे एका चाकावर पाचशे किलो. टायरमध्ये ३६ पौंड हवा असेल, तर तो दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो होतो. पाचशेला अडीचने भागले की उत्तर येते दोनशे चौरस सेंटीमीटर. टायर २० सेंटीमीटर रुंद असेल, तर जमिनीला टेकणारा पट्टा जेमतेम १० सेंटीमीटर लांब. आता हवा निम्मी, म्हणजे १८ पौंड केली, तर टेकणारी जागा साधारण दुप्पट होते. टायरची रुंदी फारशी वाढत नाही, पण पट्टा १० ऐवजी २० सेंटीमीटर लांब होतो. रबराच्या स्वतःच्या ताठपणामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतात, पण दिशा हीच. एकही रुपया खर्च न करता, केवळ व्हॉल्व्ह दाबून, गाडीचे पाऊल दुप्पट मोठे झाले.

मोठा टायर उपयोगी पडतो तोही याच कारणाने. व्यास मोठा असेल तर हवा कमी केल्यावर टेकणारा पट्टा आणखी लांब होतो आणि चाकापुढे साचणाऱ्या वाळूवर ते चढून जाते. रुंदी जास्त असेल तर त्याच वजनाला कमी हवा पुरते. १९२० च्या दशकात कमी हवेवर चालणारे, फुगीर, तथाकथित बलून टायर बाजारात आले आणि वाळवंटी प्रवासाला त्यांचा मोठा आधार झाला. पण अशा टायरमध्येही रस्त्याची हवा तशीच ठेवून वाळूत शिरले, तर त्याचा मोठेपणा बराचसा वाया जातो.

१९२८ मध्ये बॅगनॉल्ड यांची बदली हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर झाली. पण डोक्यात वाळूचा तो महासागर होता. साठवलेल्या रजेचा आणि स्वतःच्या पैशांचा मेळ घालून १९२९ आणि १९३० मध्ये ते मित्रांसह पुन्हा तिथे गेले. या वेळी फोर्डच्या नव्या मॉडेल ए गाड्या होत्या. वाळूच्या पहिल्या मोठ्या चढासमोर त्यांनी जे केले ते त्या वेळी वेडेपणाचे वाटले असणार. हळू, जपून चढण्याऐवजी त्यांनी गाडी ताशी सुमारे ४० मैलांच्या वेगाने सरळ त्या पिवळ्या भिंतीवर घातली. आपटून उलटण्याऐवजी गाडी वर गेली, अगदी अलगद. चाके वाळूत बुडालीच नाहीत.

हे धाडस होते, पण आंधळे नव्हते. तोवर त्यांनी वाळूकडे बारकाईने पाहायला सुरुवात केली होती. वाळूच्या टेकडीच्या दोन बाजू सारख्या नसतात. ज्या बाजूने वारा येतो तिथे कण एक-एक करून येतात, आदळतात आणि ठासून बसतात. ही बाजू घट्ट असते आणि चढ सौम्य असतो. माथ्यापलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, कण नुसते घसरून पडतात. तिथला उतार साधारण ३३-३४ अंशांवर स्थिरावतो आणि वाळू इतकी सैल असते की माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. रंग तोच, कण तेच, पण एका जागी गाडी तरते आणि दुसऱ्या जागी बुडते. बॅगनॉल्ड यांचे साथीदार हा फरक सावल्यांवरून, पृष्ठभागावरच्या लाटांवरून ओळखायला शिकले. शिवाय माथ्यावर पोहोचल्यावर वेग तसाच ठेवला तर पलीकडच्या उभ्या उतारावरून गाडी कोसळण्याची भीती असे. म्हणून माथ्याच्या अलीकडे गाडी वळवून थांबवायची आणि पायी जाऊन पुढचे पाहायचे, ही शिस्त पाळावी लागे. वेगाने चढणे जितके महत्त्वाचे, तितकेच वेळेवर थांबणेही.

वाळवंटात गाडी रुतणे ही नुसती गैरसोय नसते. तिथे तो जिवाचा प्रश्न असतो आणि त्याचे मूळ पाण्यात आहे. उन्हात फावड्याने वाळू उपसणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. शरीराच्या वजनाच्या दोन-तीन टक्के पाणी कमी झाले की थकवा येतो, निर्णय चुकू लागतात. त्यानंतर उष्माघात दूर नसतो. म्हणजे चुकीच्या टायरची आणि चुकीच्या हवेची किंमत शेवटी पिण्याच्या पाण्यात मोजावी लागते.

त्यात त्या काळच्या गाड्याच पाणी पीत. मऊ वाळूत, मागून वारा असताना, रेडिएटर उकळे आणि पाणी वाफ होऊन उडून जाई. ते भरायचे कुठून, तर माणसांच्या पिण्याच्या साठ्यातून. यावर बॅगनॉल्ड यांनी वापरलेली युक्ती अगदी सोपी होती. रेडिएटरची वाफ बाहेर जाण्याचे तोंड बंद करून तिथून एक नळी काढायची आणि ती गाडीच्या बाजूला बांधलेल्या, थोडे पाणी असलेल्या डब्यात सोडायची. वाफ त्या पाण्यात जाऊन थंड होई आणि पाणी बने. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन थंड झाले की रेडिएटरमध्ये पोकळी निर्माण होऊन डब्यातले पाणी आपोआप परत ओढले जाई. आजच्या अनेक गाड्यांत कूलंटची जी पांढरी प्लॅस्टिकची टाकी असते, तिचे काम याच तत्त्वावर चालते.

रुतलेली गाडी काढण्यासाठी त्यांनी पोलादी पन्हळी सोबत ठेवल्या. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या खोल्यांवर छत घालण्यासाठी बनवलेल्या या पन्हळी कैरोच्या भंगार बाजारात मिळाल्या होत्या. चाकापुढची वाळू उकरून पन्हळ सरकवायची, गाडी तिच्यावर चढवायची आणि मागून दोघांनी ढकलायचे. आज प्लॅस्टिकच्या रंगीत पाट्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या टपावर बांधलेल्या दिसतात. त्यांचा वंश इथून सुरू होतो. दिशा ओळखण्यासाठीही त्यांनी वेगळा मार्ग धरला. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र फसते. म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र त्यांनी तयार केले आणि चालत्या गाडीतून दिशा वाचण्याची सोय केली.

१९३२ मध्ये त्यांनी आणखी मोठी मोहीम काढली. हजारो मैलांचा तो प्रवास लिबियाच्या वाळवंटातून सुदानपर्यंत गेला. लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पण १९३५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांना लष्करातून निवृत्त व्हावे लागले. वय एकोणचाळीस. हातात पद नाही, नोकरी नाही.

या रिकाम्या वेळात त्यांनी जे केले त्यामुळे त्यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात गेले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये जागा मिळवून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक वातबोगदा उभारला. त्यात वाळू पसरायची, वारा सोडायचा आणि काचेतून पाहायचे की कण नेमके काय करतात. तोवर समज असा होता की वारा वाळू धुळीसारखी उचलून नेतो. बॅगनॉल्ड यांना दिसले ते वेगळेच. वाळूचा कण उडत नाही, तो उड्या मारतो. वाऱ्याने उचललेला कण थोडा पुढे जाऊन खाली आदळतो. त्या धक्क्याने दुसरे कण वर उसळतात, तेही पुढे जाऊन आदळतात आणि अशी साखळी चालू राहते. म्हणून वाळूचे वादळ बहुतांशी जमिनीलगत, कमरेच्या खालीच असते. वर आकाशात जाते ती धूळ. धुळीचे कण इतके बारीक की ते तासन्तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात. वाळू डोळ्यांना आणि त्वचेला त्रास देते, तर धूळ फुप्फुसांना. हा फरक आज प्रदूषणाच्या अभ्यासातही महत्त्वाचा मानला जातो.

त्यांनी हेही दाखवले की वाहून जाणाऱ्या वाळूचे प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाळू दुप्पट नव्हे, साधारण आठपट वाहते. प्रयोगशाळेतले निष्कर्ष पडताळण्यासाठी ते पुन्हा लिबियाच्या वाळवंटात गेले आणि खऱ्या वादळात उभे राहून मोजमापे घेतली. हे सारे काम १९४१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वाळवंटाच्या भौतिकशास्त्रावरचे ते पुस्तक आजही अभ्यासले जाते.

पुस्तक बाहेर आले तेव्हा लेखक पुन्हा गणवेशात होता. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना परत बोलावण्यात आले आणि पूर्व आफ्रिकेकडे पाठवण्यात आले. वाटेत भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली. दुरुस्तीसाठी पोर्ट सैदला थांबावे लागले, तेव्हा ते जुन्या मित्रांना भेटायला कैरोला गेले. ही बातमी तिथले सेनापती वेव्हेल यांच्या कानावर गेली आणि बॅगनॉल्ड इजिप्तमध्येच राहिले. पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले तेच हे वेव्हेल. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरल्यावर बॅगनॉल्ड यांनी वाळवंटात खोलवर टेहळणी करणारी छोटी मोटार-पथके उभारण्याची योजना मांडली. ती मान्य झाली आणि अवघ्या सहा आठवड्यांत पथक तयार झाले. लाँग रेंज डेझर्ट ग्रूप या नावाने ते प्रसिद्ध आहे. सुरुवातीचे बहुतेक जवान न्यूझीलंडचे होते. पुढे भारतीय जवानांची एक तुकडीही या पथकाबरोबर वाळवंटात काम करू लागली.

या पथकाने निवडलेल्या गाड्या टायर-शौकिनांनी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. पहिल्या गाड्या शेव्हरोलेच्या, दीड टनी, दोनच चाके फिरवणाऱ्या ट्रक. नंतर चारही चाके फिरवणारे फोर्डचे ट्रक मिळाले. कागदावर ते सरस होते. पण ते जड होते आणि पेट्रोल खूपच जास्त पीत. वाळवंटात पेट्रोल म्हणजे वजन. जास्त पेट्रोल न्यायचे तर गाडी आणखी रुतते, रुतली की आणखी पेट्रोल जळते. १९४२ मध्ये पथक पुन्हा दोन चाकांच्या शेव्हरोलेकडे वळले. रुंद वाळूचे टायर, गरजेप्रमाणे हवा, अनावश्यक वजन नाही आणि सरावलेला चालक, हे जमले तर दोन चाके पुरतात, हे त्यांच्या अनुभवाने ठरवले. बॅगनॉल्ड यांनी १९४१ मध्येच पथकाची सूत्रे आपल्या जुन्या सहप्रवाशाकडे, गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवली होती, पण पथकाची पद्धत त्यांचीच राहिली.

आज टायर निवडणाऱ्याला या आयुष्यातून काय घेता येईल? पहिली गोष्ट म्हणजे आधी जमीन ठरवा, मग टायर. वाळूत सपाट, रुंद, मऊ टायर चांगला. खोल खाचांचा टायर वाळूत पकड घेण्याऐवजी ती खणतो. चिखलात मात्र याच खाचा लागतात आणि त्या अंतराअंतरावर असाव्या लागतात, म्हणजे चाक फिरताना चिखल आपोआप झटकला जातो. चिखलाचा थर पातळ असून खाली कठीण जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापून खाली पोहोचतो आणि रुंद टायर वरच घसरत राहतो. खडकाळ वाटेवर महत्त्व असते टायरच्या बाजूच्या भिंतीला. ती मजबूत नसेल तर धारदार दगड तिला चिरतो, आणि तिथली चीर पंक्चरसारखी सहज काढता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठा टायर याचा अर्थ मोठी रिम नव्हे. शोरूममध्ये रुबाबदार दिसणारी मोठी रिम आणि तिच्याभोवतीची रबराची पातळ पट्टी ही कच्च्या वाटेसाठी चुकीची जोडी आहे. हवा कमी केल्यावर पसरायला रबराला उंची हवी. टायरवर २६५/७० आर १७ असे काही लिहिलेले असते. त्यातला मधला आकडा रबराची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. तो जितका मोठा, तितका टायर पसरायला मोकळा.

तिसरी गोष्ट वजनाची. टायरवर वजन पेलण्याचा निर्देशांक छापलेला असतो. तो कंपनीने सांगितलेल्या निर्देशांकापेक्षा कमी असता कामा नये. आणि टायर जितका जड, तितका इंजिनावर, ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर ताण जास्त. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर काटा ८० दाखवताना गाडी खरे म्हणजे ८८ च्या वेगाने धावत असते. गाडीची उंची वाढते, म्हणजे वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. विमा आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो, तेही आधी विचारून घ्यावे. महिन्यातले अठ्ठावीस दिवस डांबरी रस्त्यावर जाणार असतील, तर दोन दिवसांच्या हौसेसाठी घेतलेला दातेरी टायर ओल्या रस्त्यावर ब्रेक उशिरा लावतो, हे विसरू नये.

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हवा मोजण्याचे यंत्र आणि हवा भरण्याचा छोटा पंप. हे दोन्ही गाडीत नसतील तर महागडा टायर अर्धाच कामाचा. वाळूत साधारण १५ ते २० पौंडांपर्यंत हवा कमी करून, सावकाश आणि तीव्र वळणे टाळून जावे. फार कमी केली तर वळताना टायरची कड रिमवरून सुटू शकते. पक्क्या रस्त्यावर येताच, वेग घेण्यापूर्वी, हवा पूर्ववत भरावी. कमी हवेचा टायर वेगात सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. आणि एक गोष्ट आवर्जून. कोकणच्या किनाऱ्यावर गाडी घालण्यासाठी हे ज्ञान वापरू नये. भरतीत अडकलेल्या गाड्यांचे फोटो आपण पाहतोच. शिवाय त्याच वाळूत, वेळाससारख्या किनाऱ्यांवर, ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. गाडीचा दाब कितीही पसरवला तरी अंड्यांना तो जडच.

युद्धानंतर बॅगनॉल्ड पुन्हा कणांकडे वळले. १९४४ मध्येच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले होते. १९४६ मध्ये त्यांनी विवाह केला, दोन मुले झाली. वाऱ्याने वाळू कशी वाहते ते कळले होते, आता पाण्याने गाळ कसा वाहतो हे त्यांना पाहायचे होते. अमेरिकेतील भूगर्भशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी नद्यांवर अनेक वर्षे काम केले. ऐंशी वर्षांचे झाल्यावरही त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध होत राहिले. १९७७ मध्ये पृथ्वी आणि मंगळ यांच्या वाळवंटांवर नासाने भरवलेल्या परिषदेत प्रमुख वक्ते म्हणून त्यांना बोलावण्यात आले. २८ मे १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ मध्ये, मंगळावरची ऑपॉर्च्युनिटी ही बग्गी वाळूच्या एका छोट्या लाटेत रुतली. तिला बाहेर काढायला शास्त्रज्ञांना महिन्याहून अधिक काळ लागला. २००९ मध्ये तिची जोडीदार स्पिरिट मऊ मातीत अडकली, ती कायमची. सहाही चाकांना स्वतंत्र मोटर असलेली ही यंत्रे होती. चाके फिरत होती, पण खालची माती त्यांना धरत नव्हती. २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी ही बग्गी मंगळावरच्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचली, तेव्हा त्या टेकड्यांना नाव दिलेले होते बॅगनॉल्ड यांचे. तिथे क्युरिऑसिटी कडेला थांबली, आधी वाळू नीट पाहिली, मापली आणि मगच चाक पुढे टाकले.